वीस किलोमीटर जास्तीचा हिशोब

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दोन मोटारी शेजारशेजारच्या लेनमधून चालल्या आहेत. एक ताशी १०० किलोमीटरने, दुसरी १२० ने. पुढे एक ट्रक रस्त्यात आडवा झालेला दिसतो. दोन्ही चालक सावध आहेत. ट्रक दिसल्यापासून बरोबर एका सेकंदात दोघांचाही पाय ब्रेकवर पडतो. रस्ता कोरडा आहे, टायर चांगले आहेत. पहिली मोटार साधारण ८४ मीटरवर, ट्रकला जेमतेम न शिवता उभी राहते. दुसरी मोटार त्याच जागी पोहोचते तेव्हा तिचा वेग किती उरलेला असेल? फरक वीसचाच होता, म्हणून वीस, फार तर तीस, असा अंदाज मनात येतो. खरे उत्तर आहे ताशी सुमारे ७३ किलोमीटर.

या आकड्यात हातचलाखी नाही. ब्रेकवर पाय पडण्याआधीच्या त्या एका सेकंदात पहिली मोटार २८ मीटर गेली, दुसरी ३३ मीटर. दुसरीला थांबायला आणखी ८१ मीटर हवे होते आणि तिच्यापुढे ५१ मीटरच उरले होते. बालभारतीच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा ‘गतीचे नियम’ हा आहे. त्यातल्या समीकरणांनी हे उत्तर कुणालाही पाच मिनिटांत काढता येते. परीक्षेत त्या धड्याला गुण मिळतात, मग पुस्तक रद्दीत जाते. पुढे अठराव्या वर्षी लायसन्स काढताना संगणकावर मुख्यतः चिन्हे ओळखायची असतात. शंभरच्या वेगातली गाडी किती मीटरवर थांबते, हा प्रश्न त्या मुलाला पुन्हा कुणी विचारत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यातली पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रातली. दर दहा मृत्यूंपैकी सातांमागे अतिवेग हे कारण नोंदलेले आहे. तरीही गावात कुणी गेले की ‘काळ आला होता’ म्हणून हात जोडले जातात आणि तेराव्यानंतर विषय संपतो. या मृत्यूंपैकी फार मोठ्या हिश्श्याचे गणित आधीच मांडता येते, आणि जे मांडता येते ते टाळताही येते. रस्त्यांचे धोरण, वेगमर्यादा, लायसन्सची परीक्षा आणि घराघरांतल्या सवयी या सगळ्याच्या मुळाशी गतीचे नियम यायला हवेत. आज ते तिथे नाहीत.

सगळ्यात जास्त घात होतो तो वेगाच्या वर्गामुळे. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट. माणसाच्या अंदाजाला हे सहजी पेलत नाही, कारण चालणारे, धावणारे शरीर वेगाचा हिशोब सरळ बेरजेने करते. विज्ञानालाही हे उमगायला वेळ लागला. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ १६८७ साली प्रसिद्ध झाला. त्यात जडत्वाचा नियम आहे, बल आणि संवेग यांचे नाते आहे, क्रिया-प्रतिक्रिया आहे. पण धावत्या वस्तूची विध्वंसक ताकद वेगाच्या प्रमाणात मोजायची की वेगाच्या वर्गाच्या, हा वाद त्यानंतरही कित्येक दशके चालू राहिला. जर्मन गणितज्ञ लाइबनित्स वर्गाच्या बाजूने होता. १७२० च्या दशकात हॉलंडमधल्या लायडनच्या विलेम ग्राव्हेसांडे या प्राध्यापकाने पितळी गोळे निरनिराळ्या उंचीवरून मऊ मातीच्या थरावर टाकून पाहिले. दुप्पट वेगाने आदळलेला गोळा मातीत दुप्पट खोल रुतायला हवा, असे सहज वाटते. तो चौपट रुतला. प्रिन्सिपियाचे फ्रेंच भाषांतर करणाऱ्या एमिली दु शातले या विदुषीने १७४० साली आपल्या ग्रंथातून या वर्गाच्या बाजूची मांडणी केली. तीनशे वर्षांपूर्वी मातीच्या थराने दिलेला तो निकाल आजही प्रत्येक ब्रेकच्या खुणेत दिसतो. ताशी ५० वरून ब्रेक लावला तर कोरड्या डांबरावर गाडी साधारण १४ मीटर घसरते, शंभरवरून ५६ मीटर. पावसात टायरची पकड घटली की शंभरवरचे हेच अंतर शंभर मीटरच्या घरात जाते.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की, सरासरी वेग एका टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. ‘थोडासाच तर वेग वाढवला’ या सबबीला हे पुरेसे उत्तर आहे.

शहरांकडे पाहिले तर काळजी आणखी वाढते. केंद्राने एप्रिल २०१८ मध्ये वेगमर्यादांची नवी कमाल पातळी जाहीर केली. त्यानुसार मोटारींना द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि नगरपालिका-महापालिकांच्या हद्दीत ७० ची मुभा मिळाली. राज्याला आणि स्थानिक यंत्रणेला यापेक्षा कमी मर्यादा घालता येते आणि बऱ्याच ठिकाणी ती घातलेलीही आहे. तरी ७० हा आकडा वस्तीसाठी कागदावर तरी कसा आला, हा प्रश्न उरतोच. ताशी ७० ने येणाऱ्या मोटारीची धडक म्हणजे १९ मीटरवरून, सहाव्या-सातव्या मजल्यावरून खाली पडणे. ५० ची धडक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणे. ३० ची धडक साडेतीन मीटरवरून पडण्याएवढी, जिच्यातून हाड मोडेल पण माणूस वाचायची शक्यता मोठी. ही तुलना अलंकारिक नाही. पडणाऱ्या वस्तूचा जमिनीवर पोहोचतानाचा वेग मोजला की नेमके हेच आकडे येतात. मोटारीचा वेग ५० वरून ६५ झाला की पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो, हेही जागतिक आरोग्य संघटनेनेच नोंदवले आहे.

फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हणूनच, जिथे पायी चालणारी माणसे आणि वाहने एकाच रस्त्यावर मिसळतात तिथे ताशी ३० ही मर्यादा धरावी, असे आवाहन झाले. महाराष्ट्रातल्या पुष्कळ बाजारपेठा अशाच रस्त्यांवर वसलेल्या आहेत. राज्यमार्गाच्या कडेला भाजीवाल्या बसतात, त्याच रस्त्यावर एसटीचा थांबा असतो, शाळा सुटली की सायकलींचा लोंढा तिथेच येतो. अशा गावातला दोन किलोमीटरचा पट्टा ५० ऐवजी ३० ने पार करायला जास्तीचे किती लागते? दीड मिनिटाच्या आसपास. कोणाचाही धंदा दीड मिनिटाने बुडत नाही. पण पाटी लावून हे साधत नाही. रस्ता रुंद आणि गुळगुळीत ठेवून ३० ची पाटी रोवली तर चालकाचा पाय रस्त्याचे ऐकतो, पाटीचे नाही. रस्ता तिथे अरुंद करावा लागतो, पादचाऱ्यांची ओलांडण्याची जागा उंच करून घ्यावी लागते, आणि डांबर टाकायच्या आधी नकाशावरच हे ठरवावे लागते.

न्यूटनचा पहिला नियम मागच्या सीटवर सगळ्यात जास्त विसरला जातो. वस्तूवर बाहेरून बल लागत नाही तोवर ती आहे त्या वेगाने, आहे त्या दिशेने जात राहते. मोटार भिंतीला धडकली की मोटार थांबते, आत बसलेला माणूस थांबत नाही. तो ताशी ८० ने चालला होता आणि ८० नेच पुढे जातो, पुढची सीट किंवा काच त्याला अडवेपर्यंत. डॉक्टरांच्या हिशोबात मग तिसरी धडकही असते. शरीर थांबते, पण छातीच्या पिंजऱ्यातले हृदय आणि कवटीतला मेंदू आपला वेग सोडत नाहीत. बाहेर ओरखडाही नसलेला माणूस आतल्या रक्तस्रावाने जातो तो यामुळे.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मोटार कठड्याला धडकली आणि उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागच्या सीटवरचे दोघे जण गेले. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मोटार महागडी होती, भक्कम होती. त्यानंतर देशभर चर्चा झाली आणि मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबरपासून मोटारीतल्या सर्वांना पट्टा सक्तीचा असल्याचे जाहीर केले. वास्तविक मागच्या सीटवरच्या पट्ट्याचा नियम केंद्रीय मोटार वाहन नियमावलीत आधीपासूनच होता. कुणी तो पाळत नव्हते आणि कुणी विचारतही नव्हते. त्याच २०२२ सालात पट्टा न लावलेल्या १६,७१५ जणांचा देशात मृत्यू झाला, आणि त्यातले जवळपास निम्मे चालक नव्हते, प्रवासी होते.

पट्टा काय करतो हे समजून घ्यायचे तर जॉन स्टॅप या अमेरिकी हवाई दलातल्या डॉक्टरची हकिगत सांगायला हवी. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन तळावर त्याने स्वतःला रॉकेटवर चालणाऱ्या घसरगाडीला बांधून घेतले. गाडी ताशी १,०१७ किलोमीटरपर्यंत गेली आणि १.४ सेकंदात थांबली. त्याच्या शरीराने स्वतःच्या वजनाच्या ४६ पट बल झेलले. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, काही वेळ दिसेनासे झाले. पण तो जगला आणि पुढे १९९९ पर्यंत, एकोणनव्वद वर्षांचा होईपर्यंत जगला. माणसाचे शरीर अचाट बल सहन करू शकते, फक्त ते बल पट्ट्यांतून मजबूत हाडांवर वाटले गेले पाहिजे आणि थांबायला थोडा वेळ मिळाला पाहिजे. न्यूटनचा दुसरा नियम हेच सांगतो. संवेग तेवढाच घालवायचा असेल तर वेळ जितका जास्त मिळेल तितके बल कमी लागते. १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीतल्या निल्स बोलिन या अभियंत्याने खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन बिंदूंचा पट्टा बनवला आणि कंपनीने तो इतर सगळ्या उत्पादकांना वापरायला मोकळा ठेवला. आज प्रत्येक मोटारीत दिसतो तो हाच पट्टा. धडकेत तो किंचित ताणला जातो, बरगड्या आणि कमरेचे हाड यांवर भार वाटतो आणि शरीराला गाडीच्या चेपणाऱ्या बॉनेटबरोबर थांबू देतो.

पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बाळ, हे दृश्य महाराष्ट्रात रोजचे आहे. आईचे हात घट्ट आहेत, या भरवशावर ते चालते. गाडी ताशी ५० वर असताना धडकली आणि पुढचा भाग अर्धा मीटर चेपला, तर त्या थांबण्यात प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या वीसपट बल लागते. दहा किलोचे बाळ धरून ठेवायला त्या क्षणी दोनशे किलो पेलणारे हात हवेत. असे हात कोणत्याच आईचे नसतात. बाळासाठी वेगळी सीट घेणे ही श्रीमंतांची हौस मानली जाते. मोटारीच्या सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम आणि अलॉय व्हीलवर सहज खर्च होणाऱ्या पैशांत ती येते.

हेल्मेटची गोष्ट पुण्याला सोडून सांगता येणार नाही. २०१९ च्या जानेवारीत तिथे सक्तीची कारवाई सुरू झाली तेव्हा विरोधात समित्या उभ्या राहिल्या, आंदोलने झाली. सगळ्यात जास्त मांडला गेलेला मुद्दा असा होता की, शहरात गाडी वीस-तीसच्या वर जातच नाही, मग हेल्मेट कशाला? हा मुद्दा प्रामाणिकपणे मांडला जातो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असते. गाडी सिग्नलला उभी असताना तोल गेला, तरी दीड मीटरवरून पडलेले डोके ताशी जवळपास २० च्या वेगाने डांबरावर आदळते. हा वेग गुरुत्वाकर्षण देते, ॲक्सिलरेटर नव्हे. गाडी हळू चालवल्याने डोक्याची उंची कमी होत नाही. उघडे डोके डांबरावर पाच मिलिमीटरच्या आत थांबते, आणि तेवढ्यात थांबायला वजनाच्या तीनशे पट बल लागते. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा दाट फोम अडीच सेंटिमीटर चेपला, तर तेच बल साठ पटींवर येते. वीस मिलिमीटरचा हा फरक कवटी फुटणे आणि डोके दुखणे यांच्यातला आहे. जगभरातले अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की, हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार मेले. त्यात १४ हजारांहून अधिक मागे बसलेले होते.

फूटपाथवर मिळणाऱ्या हलक्या टोपीत तो फोम नसतो, नुसते प्लास्टिकचे कवच आणि आतून कापड असते. चलन चुकवायला ती पुरते, डोके वाचवायला नाही. १ जून २०२१ पासून देशात आयएसआय खुणेशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. तरी राजरोस विक्री चालू दिसते. मान दुखते, घाम येतो, कानाला कमी ऐकू येते या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांवर चांगल्या मापाचे, हवेशीर हेल्मेट हा उपाय आहे. उघडे डोके हा त्यावरचा उपाय नाही.

आता घाट. सह्याद्री उतरल्याशिवाय देशावरून कुणाला कोकणात जाता येत नाही, आणि घाटात गतीचे नियम सगळ्यात क्रूर होतात.

तीन ॲक्सलच्या ट्रकला एकूण वजनाची परवानगी पूर्वी २५ टन होती. जुलै २०१८ मध्ये ती २८.५ टन झाली. असा भरलेला ट्रक शंभर मीटर खाली उतरला की सुमारे २ कोटी ८० लाख जूल ऊर्जा मोकळी होते. उतारावर वेग वाढू द्यायचा नसेल तर ती सगळी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. इंजिन गिअरमध्ये असेल तर बराच भाग इंजिन खाते. ते नसेल तर सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर येतो. एवढ्या ऊर्जेने दोनशे किलो लोखंड तीनशे अंशांनी तापते. ड्रम तापला की फुगून लायनरपासून लांब जातो, लायनरची पकड ढिली पडते, आणि चालक पेडल तळापर्यंत दाबतो तरी गाडी आवरत नाही. पोलीस पंचनाम्यात मग ‘ब्रेक निकामी’ अशी नोंद होते. ब्रेक निकामी झालेला नसतो. त्याच्याकडून जे काम करवून घेतले गेले ते त्याच्या कुवतीबाहेरचे असते. अशा ट्रकमध्ये चार टन माल जास्तीचा भरलेला असेल तर ड्रमच्या वाट्याला येणारी उष्णताही त्याच प्रमाणात वाढते. ओव्हरलोडचा दंड भरून गाडी पुढे सोडली, तरी वजन गाडीतच राहते.

पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार या सगळ्याचा धडा आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने अनेक वाहनांना धडका दिल्या. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच पट्ट्यात उतारावरून आलेल्या कंटेनरने पुढच्या वाहनांना उडवले, आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. मधल्या तीन वर्षांत तिथे रम्बलर बसले, फलक लागले, बैठका झाल्या. उतार तसाच राहिला आणि उताराच्या तळाशी असलेली शहरातली गर्दीही वाढतच राहिली.

डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायची, कधी इंजिनच बंद करायचे, ही ट्रकचालकांतली जुनी सवय आहे. तिच्यामागे हलाखी आहे. ठरावीक डिझेलात फेरी पुरी करण्याचा मालकाचा तगादा असतो आणि वाचलेले डिझेल हीच वरकमाई ठरते. म्हणून नुसते चालकाला दोष देऊन चालत नाही, त्याला नीट सांगावे लागते. नव्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहते. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव पणाला लागतो ती बचतच उरलेली नाही. इंजिन बंद केले तर आणखी वाईट: एअर ब्रेकच्या टाकीत हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, पेडल पुन्हा पुन्हा दाबले की हवा संपत येते, स्टिअरिंग जड होते. हे घाटाच्या तोंडाशी, टोलनाक्यावर, ढाब्यावर, मराठीत आणि हिंदीत, चालकांपर्यंत पोहोचवायला किती खर्च येईल?

याच सह्याद्रीत रेल्वेने दीडशे वर्षांपूर्वी वेगळा विचार केला. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर चालले की एक मीटर उंची. भरलेली गाडी सुटली तर काय होईल हे तिथल्या अभियंत्यांनी गृहीत धरले आणि ब्रेक कधीतरी हरेल असे मानून आखणी केली. बोरघाटात आणि कसाऱ्याच्या थळ घाटात म्हणूनच कॅच सायडिंग आहेत. मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारा हा आंधळा रूळ सुटलेल्या गाडीला वर चढवून तिचा वेग मारतो. घाट उतरणाऱ्या गाड्या ठरावीक जागी तांत्रिक थांबा घेतात, ब्रेक तपासतात आणि मगच पुढे सरकतात. गाडीला उशीर होतो आणि प्रवासी कुरकुरतात, तरी थांबा चुकवला जात नाही.

रस्त्यावरच्या घाटांना हाच न्याय हवा. लांब उताराच्या माथ्यावर अवजड वाहनांना सक्तीचा थांबा, ड्रम हाताळून पाहायला दहा मिनिटे, आणि उताराच्या मध्यावर सुटलेल्या ट्रकसाठी खडी भरलेली चढाची वाट. खडीत चाके रुततात, ग्राव्हेसांडेचा गोळा मातीत रुतला तशी ऊर्जा तिथे जिरते आणि ट्रक उभा राहतो. जगभर डोंगरी रस्त्यांवर हे केले जाते. जमीन मिळत नाही, हे कारण पुढे येते. महामार्गाच्या रुंदीकरणाला मिळणारी जमीन अशा वाटेला मिळत नाही, हे पटणारे नाही.

ऊसपट्ट्यातला गळीत हंगामही याच यादीत येतो. एका ट्रॅक्टरमागे दोन भरलेल्या ट्रॉली, त्यातल्या अनेकींना स्वतःचे ब्रेक नाहीत, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर मळलेला. उतारावर ट्रॅक्टरने ब्रेक दाबला की मागचे वीस-पंचवीस टन जडत्वाने पुढे ढकलतात आणि ट्रॅक्टर आडवा होतो. रात्री त्याच ट्रॉलीच्या मागून ताशी ८० ने येणाऱ्या दुचाकीस्वाराला लो बीममध्ये पन्नास-साठ मीटर पुढचे दिसते आणि थांबायला जवळपास सत्तर मीटर लागतात. त्याच्या डोळ्यांत दोष नसतो, ब्रेकमध्येही नसतो. ट्रॉली दिसते तेव्हाच थांबण्याची वेळ टळून गेलेली असते. साखर कारखान्यांनी काट्यावर ऊस मोजण्याआधी ट्रॉलीचा दिवा आणि रिफ्लेक्टर तपासला, तर हंगामातले कितीतरी जीव वाचतील. कारखान्यांच्या हातात ते आहे.

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी येतो: आताच्या गाड्या सुधारल्या, एबीएस आहे, एअरबॅग आहेत, मग जुन्या मर्यादा कशाला? एबीएसमुळे चाक लॉक होत नाही आणि ब्रेक दाबूनही गाडी वळवता येते, हा मोठा फायदा आहे. पण टायर आणि डांबर यांच्यातले घर्षण एबीएस निर्माण करू शकत नाही. गाडी कितीही महाग असली तरी ती रस्त्याला धरून असते चार तळहातांएवढ्या रबरावर. एअरबॅग पट्ट्याच्या जोडीने काम करायला बनवलेली आहे. पट्टा नसलेले शरीर तिच्यावर वेळेआधी, वेड्यावाकड्या कोनात जाऊन आदळते. दुसरा आक्षेप वेळेचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा आहे. सबंध अंतर १०० ऐवजी १२० ने कापले, घाट आणि वाहतूक क्षणभर विसरले, तरी वाचतात साडेनऊ मिनिटे.

रस्त्यांचे खड्डे, चुकीची वळणे, अर्धवट कामे हे सरकारचे दोष आहेत आणि त्यांचा जाब विचारलाच पाहिजे. त्याच जाबात काही साध्या मागण्याही याव्यात. शाळा, बाजार, दवाखाने यांच्याभोवती ३० ची मर्यादा आणि तिला साजेशी रस्त्याची बांधणी व्हावी. लायसन्सच्या परीक्षेत थांबण्याच्या अंतरावरचे प्रश्न यावेत. नववीच्या त्या पहिल्या धड्यात स्वाध्यायासाठी शाळेसमोरचा रस्ता यावा: मुलांनी मीटर-टेप घेऊन ५० च्या आणि ७० च्या वेगातली गाडी कुठे थांबेल तिथे खडूने रेघ मारावी. ती रेघ एकदा पाहिलेला मुलगा तीन वर्षांनी बाइक मागेल तेव्हा त्याच्या डोक्यात काहीतरी असेल.

आणि एक काम कोणत्याही सरकारची वाट न पाहता होण्यासारखे आहे. पुष्कळ मोटारींत मागच्या सीटच्या पट्ट्याचे बक्कल सीट कव्हरच्या खाली दाबले गेलेले असते आणि गाडी घेतल्यापासून ते कुणी पाहिलेलेही नसते. वाचकांनी आजच आपल्या गाडीची मागची सीट चाचपून पाहावी. बक्कल कव्हराखाली असेल तर ब्लेडने कव्हर कापून ते वर काढावे, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, मुलांना ते स्वतःच्या हाताने लावून दाखवावे.